‘एन्कोडर बदला!’ म्हणण्याआधी

आमच्या ब्रँचमध्ये एन्कोडर म्हणजे व्हायवाचा दोन मार्कांचा प्रश्न. ए आणि बी असे दोन चॅनेल, त्यांच्यात ९० अंशांचा फरक, झेड म्हणजे एका फेरीला एक पल्स. एवढं धडाधड सांगितलं की सर मान डोलावतात आणि आपण सुटतो! (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

कारखान्यात मात्र हाच एन्कोडर रुसला की अख्खी लाइन उभी राहते. सुट्टीत ट्रेनिंगला गेले होते तिथे ड्राइव्ह सारखा एन्कोडर फॉल्टवर ट्रिप व्हायचा. पहिला हुकूम काय? ‘एन्कोडर बदला!’ नवा बसवला, दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी एका जुन्या वायरमन काकांनी केबल ट्रे उघडून दाखवला. एन्कोडरची केबल मोटरच्या पॉवर केबलला अगदी चिकटून, आणि शील्डची पिळलेली शेपटी लांब वायरने अर्थला जोडलेली. ड्राइव्हमधले आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, त्यांचा नॉइज शेजारी शिरणारच की! केबल लांबून नेली, शील्ड चहूबाजूंनी क्लॅम्पमध्ये धरली, ट्रिपिंग थांबलं.

म्हणून माझं स्पष्ट मत, एन्कोडरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी कपलिंगचा स्क्रू ढिला आहे का बघा. सप्लाय एन्कोडरच्या टोकाला मोजा, ड्राइव्हच्या नाही. लांब केबलमध्ये ५ व्होल्टपैकी थोडे वाटेतच खर्च होतात. मग मोटर फीडबॅकशिवाय, साध्या व्ही/एफ मोडमध्ये फिरवा आणि एन्कोडरचा स्पीड डिस्प्लेवर बघा. चिन्ह उलटं आलं तर ए-बी किंवा मोटरचे दोन फेज अदलाबदल झालेत. आकडा उड्या मारत असेल तर नॉइज नाहीतर लूज कनेक्शन.

आणि मल्टिमीटरच्या नादी लागू नका. १०२४ पल्सचा एन्कोडर १५०० आरपीएमला सेकंदाला २५,६०० पल्स देतो. मीटर नुसती सरासरी दाखवतो, ५ व्होल्टच्या सिग्नलला साधारण अडीच. मधले चार पल्स गायब झाले तरी अडीचच! तिथे ऑसिलोस्कोपच लागतो, आणि ए व ए-बार दोन्ही एकदम बघावे लागतात.

आता आपली लॅब. ड्राइव्हच्या किटवर प्लॅस्टिकचं कव्हर, रीडिंग्ज मागच्या बॅचच्या जर्नलमधून. किट कायम ठणठणीत, त्यामुळे बिघाड दिसतो कसा हेच कुणाला माहीत नाही. मग कॅम्पसला ‘ट्रबलशूटिंग येतं का?’ विचारलं की आपण छताकडे बघतो.

स्टाफला विनंती आहे, किट मुद्दाम बिघडवून द्या. बी-बारची वायर सोडून ठेवा, टर्मिनेशनचा १२० ओहमचा रेझिस्टर काढा, कपलिंग ढिलं करा. शोधायला एक तास. ‘जळेल’ म्हणणाऱ्यांना सांगते, मेन बंद करून वायर काढायची, मोटरवर लोड नाही, करंट लिमिट कमी ठेवलेली, हात लावायच्या आधी लॅब असिस्टंटने तपासलेलं. फॉल्ट आला तर ड्राइव्ह ट्रिप होईल, त्याचं कामच ते आहे. पुढच्या सेमच्या टाइमटेबलमध्ये दोन तास मिळाले तरी चालेल. शनिवारचे असले तरी आम्ही येतो, मेसमध्ये तसंही त्या दिवशी खिचडीच असते.