परिसंवादाच्या मांडवाबाहेरची स्त्री

धुळ्याहून पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात आले की एखाद्या शिक्षणसंस्थेच्या फाटकावर परिसंवादाचा फलक दिसावा, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. स्त्रियांचे आरोग्य हा विषय त्या फलकावर आज संकोचाविना झळकतो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी रघुनाथ धोंडो कर्व्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. ते ध्यानी घेतले तर हा पालट लहान नव्हे, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. प्रश्न पुढचा आहे. निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात, भोजनोत्तर सत्रात खुर्च्या विरळ होतात. आणि जिच्याविषयी हे सारे चालते ती स्त्री त्या वेळी शिरपूर-साक्रीकडच्या एखाद्या शेतात निंदणी करीत असते.

संशोधन म्हणजे काय, हे धुळेकरांना वेगळे सांगावयास नको. ह्याच गावी १९२६ साली ज्यांनी देह ठेवला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, माळ्यावरच्या धुळीतून दप्तरे उकरून काढली. कागद आपल्याकडे चालत येतील, अशी वाट पाहत ते बसले नाहीत. स्त्रीरोगाच्या संशोधनाने मात्र दीर्घकाळ तेच केले. रुग्णालयात जी आली तिची नोंद झाली. जी आली नाही ती निरोगी ठरली.

हा समज मोडला तो गडचिरोलीत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेकीस सरासरी साडेतीनांहून अधिक. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ. म्हणजे जे दुखणे घरोघर होते ते रुग्णालयाच्या वहीत जवळजवळ नव्हतेच. बायकांनी ते बाईपणाचा भोग म्हणून पदराआड ठेवले होते.

ह्या पदराला आम्हीही हातभार लावला आहे. शाळेत शिकवीत असताना मोठ्या वर्गांतील मुली दर महिन्यास दोन-तीन दिवस गैरहजर राहत. आम्ही हजेरीपटावर निमूटपणे ‘आजारी’ असे लिहीत असू. काय आजार, हे वर्षानुवर्षे एकदाही विचारले नाही. विचारावे असे वाटलेही नाही.

न विचारण्याची किंमत काय पडते, हे बीडने दाखविले. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे ह्या, औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारी घेऊन ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया दवाखान्यात गेल्या आणि ‘पिशवी’ काढून परतल्या. पाळी आली म्हणून घरी बसावे तर मजुरी बुडते आणि मुकादमाचा दंड बसतो, हे त्यामागचे निष्ठुर गणित. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांमागे जवळजवळ एक. गडचिरोलीचा निबंध छापून तोवर तीस वर्षे लोटली होती. ह्या तीस वर्षांत ह्या विषयावर परिसंवाद किती झाले असतील?

दाराशी गेलेले संशोधन काय साधू शकते, ह्याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे एक लक्ष एकतीस हजार स्त्रियांचा समावेश करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना झाली. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी ह्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे २००९ साली त्यातून सिद्ध झाले आणि जगाने ते मानले. त्यातील एका गटाच्या स्त्रियांना केवळ तुलनेसाठी चाचणीविना ठेवले, ह्यावर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते आम्हांस वाजवी वाटतात. खेड्यातील स्त्रीने विज्ञानाला आकडे द्यावेत आणि विज्ञानाने तिला मात्र नुसता सल्ला द्यावा, हा व्यवहार समानांमधला नव्हे.

म्हणून खानदेशातील विद्वज्जनांपाशी आमचे मागणे आहे. धुळ्यास आणि जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळगावच्या विद्यापीठाने तर बहिणाबाईंचे नाव धारण केले आहे. ह्या संस्थांनी पुढचा परिसंवाद सभागृहात भरविण्याआधी वर्षभर दोन-चार गावे निवडून, स्त्री-डॉक्टर व आशा कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन, घरोघर जावे. प्रश्न अहिराणीत विचारावेत, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरीत विचारावेत. छापील इंग्रजी प्रश्नावलीचे जागच्या जागी केलेले भाषांतर चालणार नाही. जिचा रोग आढळेल तिचा उपचार तिथेच सुरू व्हावा, निबंध छापून येण्याची वाट पाहू नये. आणि जे आढळले ते प्रथम त्या गावच्या बायकांना, त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या बोलीत सांगावे. देवपुरातील मांडव त्यानंतर घालावा. आणि पहिल्या रांगेतील काही खुर्च्या त्या बायकांसाठी राखून, त्यांची त्या दिवसाची मजुरी आयोजकांनी भरून द्यावी.