बाईंचा हजेरीपट आणि माझा डॅशबोर्ड



या सदरात आपण दर वेळी घरातल्या-दारातल्या एखाद्या तंत्राबद्दल गप्पा मारतो. आज माझ्याच कामाची आणि माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो.

कोलकात्यात येऊन मला आता अकरा वर्षं झाली. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाईव्हमध्ये, घर भवानीपूरला. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे गणपतीत परकं वाटत नाही. काम म्हणाल तर ॲपचे स्क्रीन आखायचे. कुठलं बटण कुठे, कुठला आकडा मोठा, कुठला रंग कशाला, एवढंच. गेल्या वर्षी शाळांसाठी एक डॅशबोर्ड करायचं काम आमच्याकडे आलं. शिक्षकांनी मोबाईल उघडला की वर्गाची सगळी माहिती एका नजरेत दिसली पाहिजे, अशी मागणी होती.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा आहे बरं का. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या, त्या फळीवर काटे आणि दिवे बसले, आणि आता ती फळी मोबाईलमध्ये शिरली आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर सजवलेल्या घोडागाड्या उभ्या असतात, त्या बघताना मला दर वेळी हे आठवतं.

तर मी महिनाभर खपून डॅशबोर्ड तयार केला. दिसायला झकास! वर गोल तक्ते, खाली रंगीत पट्ट्या, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर असेल तर हिरवा रंग, खाली असेल तर लाल. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. कुणा शिक्षकाला दाखवावा हे मात्र कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

सुचलं ते बायकोला. आमच्या खालच्या मजल्यावर एक दीदी राहतात. बंगाली माध्यमाच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवताहेत. आठवीचा वर्ग, ५२ मुली. बायको म्हणाली, "जाऊन दाखव ना त्यांना. एक चहा काय तो होईल." मी दीदींकडून एका महिन्याची हजेरी मागून घेतली, नावं न घेता नुसत्या रोल नंबरनं भरली आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर मोबाईल धरला.

त्यांनी चष्मा लावला, बोटानं वर-खाली केलं आणि शांतपणे विचारलं, "एटा कार जोन्ने?" म्हणजे, हे कुणासाठी?

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि आतून हजेरीचं रजिस्टर घेऊन आल्या. तेच आपलं नेहमीचं, लांबट, आडव्या रेघांचं, कोपरे मुडपलेलं. मला म्हणाल्या, "३४ नंबर बघ. तुझ्याकडे लाल आहे." होती खरी. महिन्यात शाळेचे दिवस २४, त्यातले ७ गैरहजर, म्हणजे हजेरी ७१ टक्के. रजिस्टरमध्ये ते सातही दिवस एकाला एक लागून होते. मुलीला कांजिण्या आल्या होत्या. बरी झाली, आली, अभ्यास भरून काढला. तिची काळजी करायचं काही कारण नव्हतं.

"आता १७ नंबर." माझ्या स्क्रीनवर ती हिरवी होती. २४ पैकी २० दिवस हजर, ८३ टक्के. उत्तम! दीदींनी रजिस्टरवर बोट ठेवून ते हळूहळू उजवीकडे सरकवलं. लाल शाईतला गैरहजेरीचा शेरा दर सहा घरांनंतर येत होता. चारही वेळा वार एकच, गुरुवार.

गुरुवारला इथे बोलीभाषेत लोक्खीबार म्हणतात, लक्ष्मीचा वार. आपल्याकडे मार्गशीर्षात गुरुवारी महालक्ष्मीची पूजा असते, इथे बऱ्याच घरांत ती वर्षभर दर गुरुवारी. त्या मुलीची आई कॅनिंग लोकलनं शहरात घरकामाला येते. गुरुवारी पूजेच्या घरांत काम जास्त, म्हणून ती पहाटेची गाडी धरते आणि परतायला उशीर होतो. मग धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी. दीदी म्हणाल्या, "आठवीत एक दिवस. नववीत दोन होतील. मग एक दिवस कुणीतरी सांगेल, लग्न ठरलं."

मला काय बोलावं कळेना. त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर हे सगळं दिसत होतं आणि माझ्या चकचकीत स्क्रीननं ते पुसून टाकलं होतं. रजिस्टरमध्ये महिन्याचे सगळे दिवस एका ओळीत शेजारी-शेजारी असतात. शिक्षक ती ओळ वाचतात, आपण गाण्याची चाल ओळखतो तशी. मी त्या ओळीचा एक आकडा केला आणि आकड्याचा एक रंग. वरच्या साहेबांना तो रंग पुरतो, कारण त्यांना पाचशे शाळा बघायच्या असतात. बाईंना बघायच्या असतात ५२ मुली. दोघांचे प्रश्न वेगळे. आणि मी बाईंच्या हातात साहेबांचा स्क्रीन दिला होता.

ही चूक माझी एकट्याची नाही, असं म्हणून मी थोडं समाधान करून घेतो. आपल्याकडच्या शिक्षकांना विचारून बघा. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' आलं, देशपातळीवर यू-डायस प्लस आहे, त्यात आता एकेका विद्यार्थ्याची माहिती भरावी लागते. इथे बंगालमध्ये 'बांग्लार शिक्षा' पोर्टल आहे. माहिती लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पुस्तकं किती छापायची, पोषण आहाराचा तांदूळ किती पाठवायचा, हे त्यावरूनच ठरतं. पण साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी माझी मावशी म्हणते, "अरे, पट तोच, मुलं तीच, आणि तोच आकडा मी चार ठिकाणी भरते. आणि भरल्यावर मला परत काय मिळतं? काहीच नाही." सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. माहिती खालून वर जाते, खाली परत येत नाही.

याच शहरात याचा विचार फार पूर्वी झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं नाव ऐकलं असेल, त्यांचा २९ जून हा जन्मदिवस आपण राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली, ती आज बरानगरला बी. टी. रोडवर आहे. बंगालमध्ये ताग किती जमिनीवर लावला आहे याची नमुना पाहणी त्यांनी १९३७ पासून हाती घेतली. लगेच सगळ्या प्रांतभर माणसं पाठवली नाहीत. आधी छोट्या चाचणी पाहण्या केल्या, काय चुकतं ते बघितलं, मगच व्याप वाढवला. आणि त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे शेतावर जाऊन मोजणी करणाऱ्या माणसाचा वेळ त्यांनी हिशेबात धरला. चालण्यात किती गेला, मोजण्यात किती, कागद भरण्यात किती. माहिती फुकट येत नाही, ती कुणाच्या तरी वेळेतून येते, हे त्यांनी गणितातच मांडून ठेवलं. मी सेक्टर फाईव्हला जातो ते महालनोबिसांच्या याच शहरातून, आणि ५२ मुलींची हजेरी लावायला बाईंना किती सेकंद लागतात हे मी मोजलंच नव्हतं.

मग मोजलं. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे 'हजर' किंवा 'गैरहजर' दाबायचं होतं. एका नावाला तीन सेकंद धरले तरी १५६ सेकंद, आणि रेंज गेली की पहिल्यापासून सुरू. दीदी तोंडी हजेरी घेतात त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, वर मुलींचे चेहरेही बघून होतात.

आता दुसरा आराखडा चालू आहे आणि तो मी आधी कागदावर पेन्सिलीनं काढला. सगळ्या मुली हजर धरायच्या, फक्त न आलेल्यांवर बोट ठेवायचं. यात धोका आहे हेही दीदींनीच दाखवलं. कुणी स्क्रीन उघडलाच नाही, तर सगळा वर्ग हजर लागेल! म्हणून शेवटी 'आज ५२ पैकी ४९, बरोबर?' असं विचारून बाईंनी होकार दिल्यावरच नोंद होते. नेट नसेल तर फोनमध्ये साठते, नंतर आपोआप जाते. गोल तक्ते काढून टाकले. त्यांच्या जागी रजिस्टरसारखी आडवी ओळ, महिन्याची २४ घरं, आणि सलग तीन दिवस किंवा दर आठवड्याला त्याच वारी कुणी आलं नसेल तर ती ओळ सगळ्यात वर. नुसत्या रंगावर भिस्त ठेवली नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही. गैरहजर घरात फुलीही आहे.

नावांनी तर घाम काढला. इथे एकाच घरात जन्मदाखल्यावर बंद्योपाध्याय आणि आधारवर बॅनर्जी असतं. मुखोपाध्याय आणि मुखर्जीचं तेच. शोधायला गेलं की सापडत नाही आणि नाव जुळलं नाही म्हणून अर्ज परत येतो. त्यात आपल्या मराठी मुलांची भर, आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव कुठल्या चौकटीत घालायचं. महाराष्ट्र मंडळातल्या पालकांशी बोललात तर यावर तासभर ऐकायला मिळेल. आता एका मुलीची दोन्ही नावं ठेवता येतात आणि कुठल्याही नावानं शोधलं तरी ती सापडते.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून आणली, दीदींनी मागितली नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इथे मोठा गोंधळ झाला. 'तरुणेर स्वप्न' योजनेत टॅबसाठी मिळणारे दहा हजार रुपये शेकडो विद्यार्थ्यांच्या खात्यात पोचलेच नाहीत. पोर्टलवरचे खाते क्रमांक बदलले गेले होते आणि पैसे भलत्याच खात्यांत गेले. पुढे अटकाही झाल्या. पण त्याआधी बोट पहिल्यांदा कुणाकडे वळलं असेल? शाळेकडे, मुख्याध्यापकांकडे. ज्या शाळेत संगणकाचा माणूसच नाही, तिथे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि काम कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत होतं. म्हणून आमच्या स्क्रीनवर प्रत्येक नोंदीखाली साध्या शब्दांत एक ओळ येते, हे शेवटचं कुणी बदललं आणि कधी. चोर कदाचित त्यानं थांबणार नाही, पण निर्दोष बाईंच्या हातात दाखवायला काहीतरी राहील.

सध्या हे दीदींच्या एकट्या फोनवर चालू आहे. शेजारी त्यांचं रजिस्टरही चालूच आहे, आणि ते बंद करा असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

१७ नंबरच्या आईशी त्या बोलल्या. शाळेत बोलावून नाही, एका गुरुवारी संध्याकाळी स्टेशनवर गाठून. धाकट्याला शेजारणीकडे ठेवायचं ठरलं, पण तिलाही कधी कामाला जावं लागतं. पुढच्या महिन्यातल्या चार गुरुवारांपैकी दोन गुरुवारी मुलगी वर्गात होती. उरलेल्या दोन गुरुवारांसाठी दीदींची खटपट चालू आहे. माझ्या जुन्या स्क्रीनवर ती ८३ ची ९२ झाली असती. दोन्ही वेळा हिरवीच.