आधी पाणी, मग मासे

रविवार म्हणजे आमच्या घरी साफसफाईचा वार. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आम्ही धाकट्याचा फिश टँकही धुवायला काढला. खाऊचे पैसे साठवून त्याने आणलेले सहा गप्पी मासे त्या काचेच्या पेटीत दोन महिने सुखाने नांदत होते. काचेला हिरवट शेवाळ धरले होते, खालची वाळू मळकट दिसत होती. आम्हाला ते बघवेना. मासे पातेल्यात काढले, सगळे पाणी मोरीत ओतले, वाळू नळाखाली धरून सात पाण्यांनी धुतली, स्पंज पिळून पिळून पांढरा केला, काच लखलखीत पुसली आणि नुकतेच नळाला आलेले ताजे पाणी भरून मासे पुन्हा सोडले. पेटी इतकी छान दिसू लागली की, शेजारच्या मावशी मुद्दाम बघायला आल्या. सोमवारी सकाळी सहाच्या सहा मासे पाण्यावर तरंगत होते.

मग चाळीत नेहमीचे सुरू झाले. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी म्हणाले, घरावर येणारे संकट माशांनी आपल्यावर घेतले. आम्ही नजर वगैरे मानत नाही; पण कारण शोधायचे सोडून आम्हीही सोपा मार्ग धरला. धाकट्यावर खेकसलो, "तूच जास्त खायला घातलं असशील!" पोर काही बोलले नाही. त्या दिवशी शाळेतून डबा तसाच परत आला.

खरे कारण कळायला आठ-दहा दिवस गेले. क्रॉफर्ड मार्केटातल्या एका मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही ही हकिगत सांगितली. त्यांनी माशांविषयी एक अक्षर विचारले नाही. पाणी कुठले, केव्हा भरले, किती बदलले, स्पंज कशाने धुतला, एवढेच विचारत राहिले. त्यांच्या त्या प्रश्नांतून आणि पुढे वाचून जे समजले, ते आज आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. सुट्टी लागली की घरोघरी मुले माशांचा हट्ट धरतात. त्या हट्टाला हो म्हणण्याआधी एवढे वाचावे.

मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते. भांडुप आणि पांजरापूर येथे ते शुद्ध होते आणि रोगजंतू मरावेत म्हणून त्यात क्लोरीन घालतात. नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. हे आपल्या भल्याचेच आहे. आपण पाणी पितो, ते पोटात जाते. मासा मात्र त्याच पाण्यात श्वास घेतो. त्याचे नाजूक कल्ले चोवीस तास त्या क्लोरीनमध्ये बुडालेले असतात. ते पोळतात आणि मासा गुदमरतो. आमचे मासे त्या रात्री बहुधा असेच गेले.

उपाय अगदी स्वस्त आहे. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून एक ते दोन दिवस ठेवावे, अधूनमधून ढवळावे. क्लोरीन हवेत उडून जातो. बादलीवर घट्ट झाकण नको. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून पातळ फडके बांधावे. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळते. त्यातले खडे म्हणजे पूर्वी फोटो धुणारे वापरत तोच हायपो, अर्थात सोडियम थायोसल्फेट. नळाच्या साध्या पाण्याला १०० लिटरमागे सुमारे १ ग्रॅम पुरतो. म्हणजे १५ लिटरच्या बादलीला तांदळाच्या दाण्याएवढे पाच-सहा खडे. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसते ठेवून उडत नाही, त्याला औषधच लागते.

गावाकडे किंवा शहराच्या कडेच्या वस्त्यांत बोअरचे, हापशाचे पाणी असते. त्यात सहसा क्लोरीन नसतो, पण क्षार फार असतात. साबणाला फेस येत नसेल, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी जड समजावे. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. असे पाणी सगळ्या माशांना वाईट नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे जड पाण्यात चांगले राहतात. निऑन टेट्रासारख्या माशांना मात्र हलके, मऊ पाणी लागते. म्हणून आधी आपल्या घरी कसले पाणी येते ते पाहावे आणि त्याला मानवेल असा मासा आणावा. जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते एक दिवस उघडे ठेवून, वरून धार धरून ओतावे.

पुष्कळांना वाटते, मशीनचे आरओ पाणी सर्वांत शुद्ध, तेव्हा माशांना तेच द्यावे. त्या पाण्यातले क्षार जवळजवळ सगळे निघून गेलेले असतात. थोडे क्षार माशांच्या शरीरालाही लागतात आणि पाण्याची आम्लता एकदम खालीवर होऊ नये म्हणूनही लागतात. बोअरचे पाणी फारच जड असेल तर त्यात थोडे आरओचे मिसळावे. नुसते आरओचे भरू नये. उकळलेल्या पाण्यातून प्राणवायू निघून जातो, तेही पूर्ण निववून आणि खळबळवून मगच वापरावे.

आता मायबहिणींसाठी काही खास सूचना. पावसाळ्यात पाणी निवळायला आपण तुरटी फिरवतो. ते पाणी माशांना नको. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपल्याला चालते, माशांना तांबे विषासारखे आहे. कपडे भिजवायची बादली कितीही विसळली तरी साबणाचा अंश राहतो. माशांसाठी एक बादली आणि एक मग वेगळा ठेवावा आणि त्याला साबण कधीच लावू नये.

पण पाण्याची तयारी एवढ्यावर संपत नाही. आमची खरी चूक पुढेच होती. मासा पाण्यातच मलमूत्र टाकतो, उरलेले खाद्य तिथेच कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना फार विषारी आहे. वाळूत आणि स्पंजमध्ये काही जिवाणू वाढतात, ते या अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि थोडे पाणी बदलले की कमी होते. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडले, तर आठवडाभरात ते मरू लागतात, याचे कारण हेच.

त्या रविवारी आम्ही जी घाण म्हणून धुऊन टाकली, ती माशांना जगवणारी वस्ती होती. क्लोरीनमधून मासे वाचले असते, तरी पुढल्या काही दिवसांत अमोनियाने गेले असते.

म्हणून नवी पेटी भरल्यावर आधी दोन-तीन गप्पीच सोडावेत. खाद्य चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पहिला महिना दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलावे. दुकानात तपासणीच्या पट्ट्या आणि थेंब मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मग हळूहळू मासे वाढवावेत. घाईने मासे वाढवले, तर पुन्हा तेच दुःख पदरी येते.

पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले की पुरे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. त्यातले बारा लिटर, म्हणजे एक बादलीही नाही. पाण्यासाठी रांग लावणाऱ्या घराने माशांवर पाणी उधळावे का, असे कुणी विचारील. काढलेले पाणी वाया जात नाही. नायट्रेट म्हणजे झाडांचे खत. ते कुंड्यांना घालावे. आमच्या गॅलरीतली मिरची त्यावरच वाढते आहे.

स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकासा पिळावा. नवे पाणी पेटीतल्या पाण्याएवढेच कोमट-गार आहे ना, हे हात घालून पाहावे. बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. उन्हाळ्यात जास्त काळजी घ्यावी, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर नवस-बिवस नको. लगेच हवेचा पंप लावावा आणि तयार ठेवलेले थोडे पाणी बदलावे. पेटी उन्हात ठेवू नये. आणि नवा मासा आणला की पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, तिच्यात पेटीतले पाणी थोडे थोडे घालावे, मग जाळीने मासा उचलून सोडावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

हे सगळे समजल्यावर आम्ही धाकट्याला जवळ बसवले आणि सांगितले की, मासे आमच्या हातून मेले, तुझ्या नाही. पाणी आम्ही बदलले होते. तो थोडा वेळ काचेच्या रिकाम्या पेटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खाऊ घातल्यामुळे नाही ना?" दहा दिवस पोर तेच मनात घेऊन शाळेत जात होते. घरात काही वाईट घडले की आधी पोराला किंवा सुनेला धरायचे, ही खोड आपल्या अनेक घरांत आहे. आमच्याही घरात होती, हे कबूल करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

त्यानंतर पेटी पुन्हा भरली. सहा आठवडे थांबलो. आता दारामागे फडके बांधलेली एक बादली कायम असते. तिच्यावर धाकट्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे : "माशांचे पाणी. आईबाबांनी विचारल्याशिवाय घेऊ नये."