डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

अस्थिरोग रुग्णालयातून घरी सोडताना जे कार्ड हातात पडते, त्यावर गोळ्यांची यादी असते, टाके काढायची तारीख असते आणि अगदी तळाशी एक ओळ असते: ‘फिजिओथेरपी करावी’. कोणाकडे, कधीपासून, किती दिवस आणि नेमके काय साधण्यासाठी, यातले बहुतेक वेळा काहीच लिहिलेले नसते. मग सर्जन निवडताना चार नातेवाइकांना फोन करणारे, दोन ठिकाणी मत घेणारे कुटुंब फिजिओथेरपिस्ट मात्र घरापासूनचे अंतर पाहून ठरवते. ‘कोपऱ्यावरच आहे, रोज जाता येईल’ एवढा विचार त्यांना पुरेसा वाटतो. तो पुरेसा नाही. सर्जन हाड जुळवून देतो. त्या हाताने पुन्हा पाण्याची बादली उचलता येईल का, त्या पायाने जिना उतरता येईल का, हे पुष्कळदा त्यानंतरच्या महिन्यांत ठरते.

क्रिकेटपटू ऋषभ पंतची गाडी ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ दुभाजकावर आदळली. जानेवारीत मुंबईत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २३ मार्च २०२४ रोजी तो आयपीएलच्या मैदानात परतला. मधले चौदा महिने कुबड्यांवर उभे राहण्यात, तरणतलावातल्या पाण्यात पावले टाकण्यात आणि आटलेले स्नायू परत कमावण्यात गेले. त्याच्यासाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतले तज्ज्ञ होते. एसटीचा चालक, मोटारसायकलवरून पडलेला विद्यार्थी किंवा न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेल्या आजी यांच्या वाट्याला असे पथक येत नाही. त्यांच्यासाठी एकच फिजिओथेरपिस्ट असतो. म्हणूनच त्याची निवड चुकता कामा नये.

व्यायामोपचार म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची उरलीसुरली बाब, हा समजही सोडायला हवा. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांचे त्यांनी दोन गट केले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करून नंतर शिस्तबद्ध व्यायाम दिला. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांतील गुडघ्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा नाही. काही गुडघ्यांना ती लागतेच. पण जाणकार माणसाने आखून दिलेला व्यायाम हा स्वतंत्र आणि वजनदार उपचार आहे, एवढे या अभ्यासातून नक्की कळते.

आणि तोच उपचार अनेक क्लिनिकमध्ये सर्वांत कमी मिळतो. रुग्ण आत येतो, पलंगावर झोपतो, दहा मिनिटे शेक, पंधरा मिनिटे ‘करंट’, मग थोडे अल्ट्रासाउंड. शेवटी घाईघाईत दोन व्यायाम, तेही सगळ्यांना सारखेच. रुग्णालाही बरे वाटते, कारण काहीतरी ‘लावले’ गेलेले असते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, तसेच टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे करंटचे प्रकार देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले. व्यायामाची शिफारस मात्र केली. यंत्रांना काहीच जागा नाही असे नव्हे. शेकाने आखडलेला स्नायू सैल होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू साथ देत नसेल तर विद्युत उत्तेजनाचा उपयोग होतो. पण यंत्र हा मदतनीस आहे. ज्या क्लिनिकमध्ये तीन आठवडे फक्त मशीन लावले जाते, तिथे रुग्ण पैसे देतो आणि त्याचा स्नायू मात्र आहे तिथेच राहतो.

याच्या उलट टोकाचा धोका अधिक गंभीर आहे. कोपराच्या हाडाला मार बसला की सांधा लवकर आखडतो. घरचे लोक काळजीपोटी तेल लावून जोरात चोळतात, हाडवैद्य हात धरून ओढतो, कधी अर्धशिक्षित ‘थेरपिस्ट’ही जोर लावून कोपर वाकवतो. अशा बळजबरीने स्नायूत नवे हाड तयार होऊ शकते आणि कोपर कायमचे अडकू शकते. अस्थिरोगतज्ज्ञ या धोक्याबद्दल वर्षानुवर्षे बजावत आले आहेत. ‘जितके दुखेल तितके लवकर बरे होईल’ ही समजूत घातक आहे. व्यायामात थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सांधा सुजत असेल, रात्री झोप लागत नसेल, तर मात्रा चुकली आहे.

मग चांगला फिजिओथेरपिस्ट ओळखायचा कसा? पहिल्या भेटीतच बरेच कळते. तो यंत्राकडे हात नेण्याआधी प्रश्न विचारतो: दुखापत कशी झाली, एक्स-रे किंवा एमआरआय काय सांगतो, इतर आजार कोणते, आणि पोटापाण्याचे काम काय? खुरपणीला तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या बाईला गुडघा पूर्ण वाकलाच पाहिजे. चालकाला क्लच दाबण्याची ताकद हवी. तबलावादकाला मनगटाची चपळाई. उद्दिष्ट वेगळे, म्हणून व्यायामही वेगळा. त्यानंतर तो दोन्ही बाजू तपासतो, कोनमापकाने सांधा किती अंश वाकतो ते मोजतो आणि लिहून ठेवतो. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजतो. आकडा नसेल तर ‘फरक पडतोय’ हे केवळ आश्वासन असते.

चांगल्या तज्ज्ञाची आणखी एक खूण म्हणजे त्याला आपली मर्यादा ठाऊक असते. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेजवळ बधिरता आली, प्लास्टरनंतर पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर तो व्यायाम थांबवून रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवतो.

पात्रतेची चौकशी करण्यात संकोच नको. फिजिओथेरपीची बीपीटी ही पदवी आतापर्यंत चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप यांतून मिळत आली आहे; पुढे एमपीटीत क्रीडा, मेंदू व मज्जासंस्था, हृदय व श्वसन, हाडे व सांधे अशा शाखा आहेत. हाताची शीर जोडलेल्या कामगाराने, अर्धांगवायूच्या रुग्णाने आणि धावपटूने एकाच दारात जायला हवे असे नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्य परिषद आहे, तिच्याकडची नोंदणी विचारता येते. देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला नियमनाची चौकट मिळाली. मसाज शिकलेला किंवा जिममध्ये व्यायाम घेणारा माणूस आपल्या कामात निष्णात असेल, पण तुटलेल्या अस्थिबंधावर किती भार कधी द्यायचा हे त्याच्या शिक्षणात नसते. आणि या बाबतीत महाराष्ट्राने उदासीन राहणे तर मुळीच शोभत नाही. पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले पहिले फिजिओथेरपी शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले.

तालुक्याच्या गावी मात्र निवडीलाच वाव नसतो. रोजची मजुरी बुडवून तीस किलोमीटरवर दररोज जाणे कुणाला परवडेल? अनेक आरोग्य विम्यांत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या अशा उपचारांचा खर्च मिळत नाही, हेही खरे. अशा वेळी रुग्णाने थेट सांगावे: ‘मला रोज येता येणार नाही, घरी करायचे व्यायाम शिकवा, दर पंधरा दिवसांनी तपासा.’ बऱ्याच दुखापतींत अशी योजना उत्तम चालते. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या फिजिओथेरपी विभागांचाही उपयोग करून घ्यावा. वीस सिटिंगचे पैसे आधीच भरायला लावणाऱ्यापेक्षा, चार भेटींत रुग्णाला स्वतःच्या पायावर उभा करू पाहणारा केव्हाही बरा.

रुग्णाची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. क्लिनिकमधला अर्धा तास दिवसाच्या चोवीस तासांत फार थोडा. खरे काम घरी सकाळ-संध्याकाळ करायचे असते. उतावीळपणाची किंमतही जबर असते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतणाऱ्यांचा एक अभ्यास ऑस्लोत झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितकी प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने घटत गेली. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येण्याआधी मैदानात उतरण्याची घाई करणाऱ्या शाळकरी खेळाडूंच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्जन मंडळींनीही रुग्णाला घरी पाठवताना किती आठवडे भार टाकायचा नाही, कोणती हालचाल टाळायची, कोणती सुरू करायची, हे सविस्तर लिहावे आणि फिजिओथेरपिस्टशी स्वतः बोलावे. रुग्णाने पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: मला नेमके काय झाले आहे, सहा आठवड्यांनी मला काय करता यायला हवे, आणि त्यासाठी मी घरी रोज काय करू? सरळ उत्तर देणाऱ्याकडे नियमाने जावे आणि तो सांगेल ते मनापासून करावे. उत्तर मिळत नसेल, किंवा तीन आठवड्यांत ना मोजमाप बदलले ना व्यायाम, तर भिडेखातर तिथेच थांबू नये. दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधावा.