क्रियापदामागचा लहान शब्द

सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या एखाद्या पेढीवर सहज घडू शकेल असा हा प्रसंग. मुंबईच्या दलालाकडून इंग्रजीत संदेश येतो : ‘द डील हॅज फॉलन थ्रू.’ पेढीवर बसलेल्या तरुणाला ‘थ्रू’ म्हणजे आरपार, एवढे ठाऊक असते. आदल्याच आठवड्यात बँकेने ‘पेमेंट हॅज गॉन थ्रू’ असे कळवले होते आणि रक्कम खरोखरच पोहोचली होती. त्यावरून तो समजतो, सौदा पार पडला. वडिलांना तसे सांगितले जाते आणि त्या भरवशावर शंभर पोती हळद उचलण्याचा शब्द दुसऱ्या पेढीला दिला जातो. वस्तुतः सौदा मोडलेला असतो. ‘थ्रू’ तोच; पण ‘गो’च्या सोबतीने तो काम तडीस नेतो आणि ‘फॉल’च्या सोबतीने तेच काम बुडवतो. शब्दकोशात दोन्ही शब्दांचे अर्थ वेगवेगळे पाहून हा उलगडा होत नाही. अर्थ त्या जोडीत असतो.

क्रियापदापुढे ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘थ्रू’ असे लहान शब्द जोडून नवा अर्थ घडवण्याची ही रीत इंग्रजीत फार जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रकाशित केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला असून, परकीयांना इंग्रजी शिकताना सर्वाधिक अडचण येथेच येते असे नमूद केले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे आज रूढ असलेले नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 मध्ये आपल्या ग्रंथात ते वापरले आणि हे नाव कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचेही सांगितले.

मराठी माणसाने या प्रकाराला बिचकण्याचे वास्तविक कारण नाही, कारण असाच खेळ मराठीही खेळते. ‘अंग’ आणि ‘येणे’ हे दोन साधे शब्द घ्यावेत. ‘अंगात येणे’ निराळे, ‘अंगावर येणे’ निराळे आणि ‘अंगाशी येणे’ तर सर्वस्वी निराळे. एखादी गोष्ट डोक्यात जाते तेव्हा संताप येतो; डोक्यावरून जाते तेव्हा ती कळलेली नसते. ‘त’, ‘वर’, ‘शी’, ‘वरून’ या चिमुकल्या अक्षरांनी सारा अर्थ फिरवला. मराठीत हे फिरवणारे शब्द बहुधा नामाला चिकटतात, इंग्रजीत ते क्रियापदामागे चालतात, एवढाच भेद. घरातील मूल ‘अंगाशी येणे’ ही जोडी जशी अखंड ऐकून शिकते, तशीच ‘फॉल थ्रू’ ही जोडीही अखंडच शिकावी लागते.

आता या जोड्यांची घडण पाहू. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात लहान शब्द क्रियापदाचा अर्थ बदलतो, परंतु जागेला घट्ट बांधलेला नसतो. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे. ‘वी टर्न्ड डाउन द ऑफर’ आणि ‘वी टर्न्ड द ऑफर डाउन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. मात्र ‘ऑफर’ऐवजी ‘इट’ आले, की ते मध्येच बसले पाहिजे : ‘वी टर्न्ड इट डाउन’. ‘टर्न्ड डाउन इट’ असे इंग्रज कधीच म्हणणार नाही. दुसऱ्या प्रकारात लहान शब्द नामाशी बांधलेला असतो आणि जोडी फुटत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे. येथे ‘लुक इन्टू इट’ असेच म्हणावे लागते. जोडी कोणत्या प्रकारची आहे असा संशय आला, की ‘इट’ घालून पाहणे ही सोपी कसोटी आहे.

तिसरा प्रकार सर्वांत रोचक. त्यात क्रियापदामागे एक नव्हे, दोन लहान शब्द येतात आणि त्यांनी काम वाटून घेतलेले असते. पहिला अर्थ बदलतो. दुसरा तो अर्थ पुढील नामाशी जोडून देतो, आपल्या विभक्तिप्रत्ययासारखा. ‘बॅक आउट’ म्हणजे दिलेल्या शब्दापासून माघार घेणे. कशापासून, हे सांगण्यासाठी ‘ऑफ’ येतो : ‘बॅक आउट ऑफ द डील’. ‘रन आउट’ म्हणजे संपणे. काय संपले, ते ‘रन आउट ऑफ स्टॉक’मधून कळते. ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणे. ‘विथ’ जोडून पुढे हप्त्यांचा उल्लेख आला, की हप्ते थकले. ‘गो थ्रू’ म्हणजे पार पडणे हे वर आलेच. ‘गो थ्रू द अकाउंट्स’ म्हणजे मात्र हिशेब तपासणे, आणि ‘गो थ्रू विथ द डील’ म्हणजे अडचण आली तरी ठरलेला सौदा तडीस नेणे. एका ‘विथ’ने व्यवहाराची सारी बाजू बदलते.

आपल्या कचेऱ्यांत ‘पुट अप’ या जोडीला एक खास देशी अर्थ लाभला आहे. ‘फाइल पुट अप करा’ म्हणजे ती वरिष्ठांसमोर ठेवा. ‘पुट अप’ला ‘विथ’ जोडला, की अर्थ होतो निमूटपणे सहन करणे. साहेबांपुढे फाइल ठेवणे आणि साहेबांना सहन करणे यांत इंग्रजी भाषेने एवढेच अंतर ठेवले आहे!

व्यापारी घरांत या जोड्या चोपड्यांतून केव्हाच येऊन बसल्या आहेत. पानाची बेरीज पुढील पानावर नेताना ‘कॅरीड फॉरवर्ड’ लिहितात. खाते बंद करून शिल्लक त्याच खात्यात पुढील मुदतीसाठी उतरवताना ‘कॅरीड डाउन’ लिहितात. ‘राइट’ या क्रियापदाचा विस्तार तर पाहण्यासारखा आहे. ‘राइट डाउन’ म्हणजे सामान्य बोलण्यात लिहून घेणे. हिशेबात मात्र मालमत्तेचे मूल्य घटवून दाखवणे. घसाऱ्याची ‘रिटन डाउन व्हॅल्यू’ पद्धत यावरूनच आली. ‘राइट बॅक’ म्हणजे एरवी पत्रोत्तर देणे. वहीत मात्र पूर्वी देणे म्हणून दाखवलेली, पण आता द्यावी न लागणारी रक्कम पुन्हा नफ्यात आणणे.

सर्वाधिक गैरसमज आहे तो ‘राइट ऑफ’विषयी. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले, अशी बातमी आली की कर्ज माफ झाले असे अनेकांना वाटते. तसे नसते. निर्लेखन ही बँकेच्या ताळेबंदाची सफाई आहे. तरतूद करून ती रक्कम येणे बाजूतून काढली जाते. कर्जदाराची जबाबदारी कायम राहते आणि वसुलीची कारवाई चालूच राहू शकते. जामीनदारही मोकळा होत नाही. माफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे स्वतंत्र क्रियापद असून त्याला ‘ऑफ’ची गरजच नाही. आपल्याकडे मात्र ‘वेव्ह ऑफ’ म्हणण्याची सवय जडली आहे. या उसन्या ‘ऑफ’मुळे ‘राइट ऑफ’ आणि माफी हे सख्खे भाऊ भासतात. एखाद्या नातेवाइकाला जामीन राहिलेल्या गृहस्थाने या भासावर विसंबून निश्चिंत होऊ नये.

‘सेट’चीही अशीच दोन रूपे. अंदाजपत्रकात रक्कम ‘सेट असाइड’ केली, तर ती राखून ठेवली. न्यायालयाने आदेश ‘सेट असाइड’ केला, तर तो रद्द झाला. ‘सेट ऑफ’ म्हणजे बोलण्यात प्रवासाला निघणे, आणि आयकराच्या विवरणात एका व्यवहाराचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करणे. वजा न झालेला व्यवसायातील तोटा ‘कॅरी फॉरवर्ड’ होतो. त्याला आठ वर्षांची मर्यादा आहे, आणि त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.

आपल्या लेखनात शिरलेल्या काही चुकाही या निमित्ताने ध्यानी घ्याव्यात. अडचणीशी ‘कोप विथ’ करतात. ‘कोप अप विथ’ नव्हे. ‘रिटर्न’मध्ये परत येणे आलेच, म्हणून ‘रिटर्न बॅक’ नको. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको. पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ लिहिले, तर पुढे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’ येते, कारण तेथील ‘टू’ हा नामाला जोडणारा शब्द आहे.

‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’, ‘कॉल ऑफ’ला ‘कॅन्सल’, ‘पुट अप विथ’ला ‘टॉलरेट’ असे लॅटिन कुळातील एकेरी पर्याय इंग्रजीत आहेत. बोलताना इंग्रज जोड्या वापरतो. करार व औपचारिक पत्र यांत एकेरी शब्द अधिक सुरक्षित. वह्यांतील आणि कायद्यातील परिभाषा तेवढी आहे तशीच ठेवावी. नव्या जोड्या सुट्या शब्दांनी पाठ न करता, ज्या वाक्यात भेटल्या त्या वाक्यासह टिपून ठेवाव्यात.

आणि संदेश मोघम वाटला, तर ‘सौदा पार पडला की मोडला?’ एवढे दलालाला विचारून घेण्यात कमीपणा नाही. शंभर पोत्यांपेक्षा तो प्रश्न केव्हाही स्वस्त पडतो.