दुय्यम मैदानावरील पुरुषार्थ

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यांत फलंदाजानें चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलविला म्हणजे त्यास 'होम रन' म्हणतात. आपल्या षटकाराचाच हा भाऊबंद. असा जोरकस टोला मारणारा तरुण दिसला कीं, मोठ्या संघांची दृष्टि त्याजकडे वळते. परंतु 'मेजर लीग' गांठण्यापूर्वीं त्यास 'मायनर लीग'च्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतात, आणि बहुतेकांचा प्रवास त्या पायऱ्यांवरच संपतो.

जो बॉमन हा अशांपैकींच एक. ओक्लाहोमांत १९२२ सालीं जन्मलेल्या या धिप्पाड, डावखुऱ्या खेळाडूनें १९४१ सालीं धंदेवाईक खेळास आरंभ केला. तोंच महायुद्ध आलें व तो आरमारांत गेला. युद्धानंतर १९४६ सालीं त्यानें ४८ होम रन काढले. तरीहि वरचें दार उघडलें नाहीं. पुढें न्यू मेक्सिकोंतील रॉझवेल या गांवीं, 'क' श्रेणीच्या संघाकडून खेळतांना, १९५४ सालीं त्यानें १३८ सामन्यांत ७२ होम रन काढून ६९ चा जुना उच्चांक मोडला. हा आंकडा अमेरिकेच्या धंदेवाईक बेसबॉलमध्यें २००१ पर्यंत कोणासहि ओलांडतां आला नाहीं. मेजर लीगमध्यें मात्र बॉमन एकहि सामना खेळला नाहीं. रॉझवेलमध्यें तो पेट्रोल पंप चालवीत असे, आणि २००५ सालीं तेथेंच वारला.

कोणी म्हणेल, तेथील हवा विरळ, गोलंदाज दुय्यम. मग त्या ७२ चें मोल काय? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु तीच हवा आणि तेच गोलंदाज त्या लीगमधील प्रत्येक फलंदाजाच्या वाट्यास आले होते. बहात्तरापर्यंत एकटा बॉमनच पोंचला. तेथील प्रेक्षक तर होम रन झाला कीं कुंपणाच्या जाळींतून त्याच्या हातीं नोटा देत. त्यांना त्याची श्रेणी विचारण्याची गरज वाटली नाहीं.

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे कित्येक घरीं जें सुतक पसरतें, तें पाहून आम्हांस या खेळाडूची आठवण होते. पहिल्या यादींत नांव नसलें कीं मुलाचें आयुष्य फुकट गेलें, असें मानणारे पालक थोडे नाहींत. त्यांस आमची विनंति अशी कीं, मुलगा कोठें पोंचला हें पाहतांना, जेथें आहे तेथें तो काय करितो हेंहि पाहावें.

विद्यार्थ्यांनीं मात्र यांत आळसास सबब शोधूं नये. बॉमन खालच्या पायरीवर राहिला म्हणून त्याचें स्मरण होत नाहीं. त्या पायरीवर त्यानें कांहीं शिल्लक ठेविलें नाहीं म्हणून होतें. मायनर लीगमध्यें सर्वाधिक होम रन काढणाऱ्यास आज त्याच्याच नांवाचें पारितोषिक देतात. मैदान लहान कीं मोठें, हें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. खेळ कसा खेळावा, हें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं असतें.