सैनिक, शिक्षक आणि तिजोरीची किल्ली

अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी बारा राज्यांत शालेय शिक्षणखात्याचा प्रमुख थेट मतदारांकडून निवडला जातो. राज्य शिक्षण अधीक्षक हे त्या पदाचे नाव. या पदाचा उमेदवार राज्यभर दौरे करतो, सभा घेतो, निधी जमवतो आणि मते मागतो. २०२६ च्या निवडणुकांच्या वेळापत्रकात त्यांपैकी बरीच राज्ये आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला विधान परिषदेचा शिक्षक मतदारसंघ परिचित आहे. परंतु त्यात मत देणारे शिक्षकच असतात आणि निवडून आलेला आमदार शिक्षणखाते चालवीत नाही. अमेरिकेतील या राज्यांत मात्र मतदार सर्व नागरिक असतात आणि निवडून येणारी व्यक्ती खात्याची कारभारी होते. लोकशाहीचा हा प्रयोग म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे.

या पदासाठी एखादा माजी सैनिक उभा राहिला, तोच शिक्षणक्षेत्रातलाही असला आणि विचाराने परंपरावादी असला, तर त्याची प्रतिमा मतदाराच्या मनात चटकन ठसते. वर्गात शिस्त हवी, अभ्यासक्रमात देशाविषयी आदर हवा, पालकांचा शब्द मानला गेला पाहिजे आणि वॉशिंग्टनने राज्याच्या शाळांत ढवळाढवळ करू नये, हा त्याचा सर्वसाधारण जाहीरनामा. या आकर्षणाची टवाळी करण्यात अर्थ नाही. आपले मूल शाळेत सुरक्षित असावे आणि त्याला वळण लागावे, ही गरीब पालकाचीही इच्छा असते. किंबहुना त्याचीच ती अधिक तीव्र असते. शिवाय सैन्य आणि शिक्षण यांचे नाते अमेरिकेत जुने आहे. १९४४ च्या जी. आय. कायद्याने लाखो माजी सैनिकांना महाविद्यालयाची दारे उघडून दिली आणि एका पिढीचे आर्थिक जीवन पालटले. तेव्हा माजी सैनिकाने शाळांचा कारभार मागितला, तर त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न निराळाच आहे. मतदार ज्या गुणांवर भाळून मत देतो, त्या गुणांचा शाळांच्या खऱ्या दुखण्याशी संबंध किती, आणि ते दुखणे दूर करण्याचा अधिकार त्या पदापाशी आहे किती?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दक्षिण कॅरोलिना हे राज्य उपयोगी पडते. २०१० साली तेथे रिपब्लिकन पक्षाचे मिक झेस शिक्षण अधीक्षक म्हणून निवडून आले. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे ते पदवीधर. व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी सेवा केली, ब्रिगेडियर जनरल या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले आणि पुढे दहा वर्षे न्यूबेरी कॉलेजचे अध्यक्ष होते. डॉक्टरेट मिळविलेला सेनानी आणि शिक्षणसंस्था चालविलेला प्रशासक असा हा दुर्मीळ संगम होता. पालकांना शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य, सनदी शाळांना उत्तेजन आणि शिक्षकांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी जोडणे, हा त्यांचा कार्यक्रम होता. तो त्यांनी लपविला नाही आणि निवडून आल्यावर बदललाही नाही. राजकारणात एवढा सरळपणाही थोडा नव्हे.

झेस यांचा सर्वांत गाजलेला निर्णय म्हणजे ओबामा सरकारच्या ‘रेस टू द टॉप’ या अनुदानस्पर्धेत उतरण्यास त्यांनी दिलेला नकार. ४.३५ अब्ज डॉलरच्या निधीनिशी ही योजना २००९ साली सुरू झाली होती. राज्यांनी शिक्षणात ठरावीक सुधारणा कराव्यात आणि त्या मोबदल्यात अनुदान जिंकावे, असे तिचे स्वरूप होते. झेस यांच्या आधीच्या अधीक्षकांच्या काळात राज्याने अर्ज केला होता, पण यश आले नव्हते. झेस यांनी पुन्हा अर्ज करण्यास नकार दिला. केंद्राचे पैसे घेतले की केंद्राच्या अटीही घ्याव्या लागतात, अशी त्यांची भूमिका होती. मौज अशी की, शिक्षकांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी जोडावे आणि सनदी शाळांना वाव द्यावा, या केंद्राच्या अपेक्षा झेस यांच्याच कार्यक्रमात होत्या. वाद सुधारणांचा नव्हता. हुकूम कोणी द्यावयाचा, याचा होता. २०१२ साली जुन्या केंद्रीय शिक्षण कायद्याच्या जाचक तरतुदींतून सूट मात्र राज्याने मिळविली. तत्त्वाच्या दृष्टीने यात विसंगती नाही. केंद्राचे बंधन जेथे सैल होते तेथे त्यांनी हात पुढे केला, जेथे घट्ट होत होते तेथे मागे घेतला.

परंतु अर्थशास्त्रात प्रत्येक नकाराला किंमत असते आणि ती कोणी मोजावयाची हा प्रश्न तत्त्वापेक्षा लहान नसतो. अमेरिकेत शालेय खर्चात केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य आणि स्थानिक शाळामंडळे उचलतात आणि स्थानिक मंडळांचा मुख्य आधार असतो मालमत्ता कर. ज्या भागात कारखाने, बाजारपेठा आणि महागडी घरे आहेत, तेथे थोड्या दराने भरपूर कर मिळतो. जेथे ओसाड गावे आणि बंद पडलेल्या गिरण्या आहेत, तेथे जबर दर लावूनही तिजोरी रिकामी राहते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? केंद्राचा दहावा हिस्सा सधन मंडळाला नाकारता येतो. निर्धन मंडळाला तोच हिस्सा शिक्षक नेमावयाचा की नाही हे ठरवितो.

दक्षिण कॅरोलिनात ही विषमता आजकालची नाही. यादवी युद्धानंतर १८६८ च्या राज्यघटनेने तेथे सर्वांसाठी मोफत शाळांची व्यवस्था आणि निवडून येणारा शिक्षण अधीक्षक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणल्या. पुढे काळ्यांचा मताधिकार हिरावला गेला आणि शाळांची विभागणी वर्णावर झाली. क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. ती एक बस मागण्यापासून सुरू झालेला लढा ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ या खटल्यापर्यंत पोचला आणि वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तो समाविष्ट झाला. ज्यांचे नाव त्या खटल्याला मिळाले ते हॅरी ब्रिग्ज दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केलेले सैनिक होते, आणि लोकांना संघटित करणारे जोसेफ डीलेन हे धर्मोपदेशक तसेच शिक्षकही होते. फिर्यादीवर सही केल्याबद्दल ब्रिग्ज यांना पेट्रोल पंपावरील नोकरी गमवावी लागली. सैनिक आणि शिक्षक यांनी शाळेसाठी उभे राहण्याची परंपरा त्या मातीत आहे. फक्त त्या दोघांनी मते मागितली नव्हती, हिशेब मागितला होता.

राज्यकर्त्यांनी त्या हिशेबाला दिलेले उत्तरही पाहण्यासारखे आहे. १९५१ साली गव्हर्नर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने तीन टक्क्यांचा विक्री कर बसविण्यात आला. त्या पैशातून काळ्या मुलांसाठी नव्या इमारती बांधल्या गेल्या. हेतू हा की, सुविधा समान दिसल्या म्हणजे विभक्त शाळा टिकविता येतील. करव्यवस्था ही कधीच निव्वळ हिशेबाची बाब नसते, समाजाने कोणाला आपले मानावयाचे हे ती ठरवीत असते, याचा हा रोकडा पुरावा होय.

पुढे २००६ साली विधिमंडळाने कायदा करून मालक स्वतः राहतो त्या घरावरील, शाळांच्या चालू खर्चासाठीचा कर माफ केला आणि भरपाई म्हणून २००७ पासून विक्री कर पाचावरून सहा टक्के केला. घरमालक सुखावले. परंतु मालमत्ता कर मंदीतही बराचसा टिकून राहतो, विक्री कर मात्र ग्राहकाचा हात आखडताच आटतो. २००८ ची मंदी आली तेव्हा हेच घडले आणि शाळांच्या अनुदानाला वर्षाच्या मध्यातच कात्री लागली. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती अनुदान द्यावयाचे याचे सूत्र तेव्हा १९७७ च्या कायद्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत विधिमंडळाने त्या सूत्राप्रमाणे येणारी रक्कमही पुरी दिली नाही. झेस अधिकारावर आले ते या परिस्थितीत. केंद्राचे अनुदान नाकारण्याचा अधिकार त्यांच्यापाशी होता. राज्याचे अपुरे अनुदान पुरे करण्याचा नव्हता. तिजोरीची किल्ली विधिमंडळाच्या कमरेला होती.

गरीब शाळामंडळांनी अखेर न्यायालयाची पायरी चढली होती, ती १९९३ सालीच. ‘ॲबव्हिल काउंटी शाळामंडळ विरुद्ध राज्य’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे म्हटले की, घटनेनुसार प्रत्येक मुलाला किमान पुरेशा शिक्षणाची संधी मिळालीच पाहिजे. या खटल्याची प्रदीर्घ सुनावणी त्याच क्लॅरेंडन काउंटीतील मॅनिंग गावी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, झेस यांची कारकीर्द संपण्यास दोन महिने उरले असता, तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने न्यायालयाने मंडळांच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने खटल्यावरची आपली देखरेख संपविली. १९९३ साली पहिलीत असलेले मूल २०१४ पर्यंत स्वतः पालक होण्याच्या वयाला आले होते. या एकवीस वर्षांत अनेक अधीक्षक निवडून आले आणि गेले.

यावर परंपरावाद्यांचा एक युक्तिवाद असतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. पैसा ओतल्याने शाळा सुधारत नाहीत. अकार्यक्षम व्यवस्थेत अधिक पैसा म्हणजे अधिक अपव्यय, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. पैसा कोठे जातो यावर बरेच अवलंबून असते. तो इमारतींच्या शोभेत आणि कारभाराच्या उतरंडीत जिरू शकतो. पण या युक्तिवादाचा उलट अर्थ खरा नाही. पैसा पुरेसा नसला तरी चालेल, असे त्यातून निष्पन्न होत नाही. शेजारच्या सधन मंडळात पगार अधिक असेल, तर अनुभवी शिक्षक तिकडे जातो, आणि गरीब गावात उरतो तो नवखा किंवा बदली शिक्षक. शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य द्यावे, हे ठीक. परंतु ज्या भागात मैलोगणती एकच शाळा आहे आणि सार्वजनिक वाहन नाही, तेथे निवड कोणत्या दोन वस्तूंत करावयाची? बाजारपेठेचा सिद्धांत विक्रेते एकाहून अधिक आहेत हे गृहीत धरून चालतो. सैन्यातला अधिकारीही रसद नसताना तुकडीला आघाडीवर पाठवीत नाही. शिस्त ही रसदीची पर्यायी वस्तू नव्हे.

तर मग हे पद निवडणुकीतून काढून घ्यावे काय? तोही प्रस्ताव झाला. २०१८ मध्ये अधीक्षक गव्हर्नरने नेमावा की नाही, यावर तेथे सार्वमत घेण्यात आले आणि मतदारांनी तो बदल मोठ्या मताधिक्याने फेटाळला. आपला हक्क सोडावयास लोक तयार नाहीत, हे स्वाभाविक आहे. पदासाठी पदव्युत्तर पदवीची अट आली. २०२२ साली निवडून आलेल्या एलन वीव्हर यांनी ती पदवी निवडणुकीच्या वर्षातच मिळविली. पक्षांतर्गत निवडणुकीच्या अंतिम फेरीत त्यांनी हरविलेल्या उमेदवार शिक्षक संघटनेच्या प्रमुख होत्या. पदवी असो, लष्करी पदक असो वा वर्गातला अनुभव असो, पात्रतेची कोणतीही अट तिजोरीच्या प्रश्नाला स्पर्श करीत नाही.

उपाय असलाच तर तो मतदाराच्या प्रश्नपत्रिकेत आहे. अधीक्षकाला कर बसविता येत नाही, पण राज्यभर मते घेऊन आलेल्या माणसाला विधिमंडळासमोर उभे राहून सूत्राप्रमाणे अनुदान मागता येते. त्या राज्यात शाळेच्या बसगाड्या स्वतः राज्यच चालविते. पंधरा वर्षांत सर्व बदलाव्यात असा कायदा २००७ साली झाला, पण त्यासाठी पुरेसे पैसे वर्षानुवर्षे मिळाले नाहीत. ज्या राज्यात एका बसच्या मागणीतून इतिहास घडला, तेथे प्रत्येक उमेदवाराला निदान एवढे तरी विचारले जावे की, या गाड्यांसाठी तुम्ही कोणाकडे आणि किती पैसे मागणार? निर्धन काउंटीत शिक्षक टिकावा म्हणून पगारातील तफावत कशी भरून काढणार? केंद्राचा पैसा नाकारणार असाल, तर तेवढी रक्कम राज्याने द्यावी म्हणून आपल्याच पक्षाच्या आमदारांशी भांडणार काय?

सैनिकाचे शौर्य आणि शिक्षकाची तळमळ यांचा आदर राखूनच हे प्रश्न विचारावयाचे आहेत. ज्याने रणांगणावर अवघड हुकूम पाळले, त्याला आपल्या मित्रांना अप्रिय वाटणारी मागणी करणे जड जाऊ नये. तेवढे धैर्य त्याने दाखविले, तर परंपरावादी अधीक्षकही गरीब मुलाचा खरा कैवारी ठरेल. न दाखविले, तर त्याची सारी शिस्त ज्या मुलांपाशी मुळातच काही नाही त्यांच्याच वाट्याला येईल.